'घे ना': उत्पत्ती 22 वरच्या टिपणाच्या नोंदी

6 मार्च 2025
काल राखेचा बुधवार झाला. पाळकसाहेबांनी यंदाच्या उपवासकाळात गुरुवारच्या अभ्यासवर्गासाठी चार आठवडे माझ्याकडे दिले आहेत. उतारा त्यांनीच ठरवला: उत्पत्ती 22, अब्राहाम आणि इसहाक. बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली गोष्ट: देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो, सुरी उचलल्यावर दूत त्याला थांबवतो आणि मुलाऐवजी झाळीत अडकलेला एडका अर्पण होतो. शेवटी एक छापील टिपण मंडळीत वाटायचं. मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत पस्तावले.

कारण लिहून ठेवते. पाच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका मावशींचा एकुलता मुलगा अपघातात गेला. प्रेतविधीला बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने हाच अध्याय वाचला आणि म्हणाला, देवाने अब्राहामाची परीक्षा घेतली तशीच या माउलीची घेतली. मी मावशींच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ दोन दिवस होता. नंतर एकदा पोळ्या लाटताना त्यांनी मला विचारलं, "बाई, मग माझ्या वेळी एडका कुठं होता?" मी काहीच बोलले नाही. त्या दर गुरुवारी वर्गाला येतात, दारापासच्या खुर्चीवर बसतात.

तेव्हा हे टिपण त्या खुर्चीकडे बघून लिहायचं. कामाची रीत अशी ठरवली: आधी हिब्रू ओळ, मग माझा स्वतःचा साधा मराठी तर्जुमा, मग टीप. ख्रिस्ताकडे जायचंच आहे, पण धावत जायचं नाही.

9 मार्च
वचन 1 आणि 2. संध्याकाळचे तीन तास दोन वचनांवर गेले आणि वाया गेले असं वाटत नाही.

देव हाक मारतो, अब्राहाम म्हणतो 'हिन्नेनी'. आपल्याकडे 'मी येथे आहे' असा तर्जुमा रूढ आहे. तो चुकीचा नाही, पण मी इथे आहे हे हजेरीच्या वेळी पोरं सांगतात. हिन्नेनी म्हणजे 'हा मी, बोला'. आई स्वयंपाकघरातून 'ओ' देते ना, तसं. या अध्यायात तो 'ओ' तीनदा येतो: देवाला, मुलाला आणि मग दूताला. मधला मुलाला आहे, हे मी आजवर मोजलं नव्हतं. देवाला ज्या शब्दाने उत्तर दिलं त्याच शब्दाने बाप पोराला उत्तर देतो.

मग 'कह-ना'. 'घे'. पुढचं 'ना' बहुतेक तर्जुम्यांत गळतं. हिब्रूतला हा 'ना' विनवणीचा आहे, आणि मराठीतला आपला 'ना'ही विनवणीचाच. 'ये ना', 'दे ना', 'बस ना'. दोन्ही भाषांचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो वरदानासारखा वाटला. 'घे ना, तुझा मुलगा.' अकराव्या शतकातला फ्रान्समधला यहुदी भाष्यकार राशी इथे थांबून सांगतो की 'ना' म्हणजे विनंती. आज्ञा देणारा विनवतोय. त्याने आज्ञा हलकी होत नाही. मला तर ती जास्त जड झाली.

राशीने जुन्या रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांचा, एक संवादही नोंदवलाय. अब्राहामाला दोन मुलगे: बायको सारेचा इसहाक आणि दासी हागारचा इश्माएल. एक वाक्य देवाचं, पुढचं अब्राहामाचं. 'तुझा मुलगा.' मला दोन आहेत. 'तुझा एकुलता.' हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा. 'ज्याच्यावर तू प्रीती करतोस.' दोघांवर करतो. 'इसहाक.' बाप वेळ काढतोय. शब्द एकेक करत गळ्याशी येतोय आणि तो प्रत्येक पायरीवर थांबतोय. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कुठल्या तरी घरात असं काही पाहिलं असणार.

'एकुलता' म्हणजे हिब्रूत 'यहीद'. इथे, मग वचन 12 मध्ये, मग 16 मध्ये. हा शब्द बाजूला लिहून ठेवला.

12 मार्च
'नआर' म्हणजे पोरगा, गडी. अब्राहामाचे दोन चाकरही नआर आणि इसहाकही नआर. वयाचा काही पत्ता नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस पंचवीस वर्षांचा म्हणतो, रब्बी सदतीसचा म्हणतात, आमच्या शब्बाथशाळेच्या चित्रात सात-आठ वर्षांचा दिसायचा. लाकडं उचलून डोंगर चढण्याइतका मोठा आणि बापाला 'बाबा' म्हणण्याइतका लहान. एवढं पुरे.

16 मार्च
उपासना आटोपल्यावर रास्ता पेठेत काकांकडे गेले. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी, वय ऐंशीच्या पुढे. मुलं इस्राएलला, हे इथेच. माझ्या वडिलांचे जुने स्नेही. बारा वर्षांपूर्वी मी हिब्रू शिकायला लागले तेव्हा माझे उच्चार यांनीच सुधारले.

वहीवरचं शीर्षक वाचून त्यांनी चष्मा काढला. मी लिहिलं होतं 'इसहाकाचे बलिदान'.

"बळी गेला का गं तो?"

"नाही."

"मग? आम्ही याला अकेदा म्हणतो. बांधणं. नवव्या वचनात बांधला, एवढंच झालंय."

मी तिथेच खोडलं. वीस वर्षं शिकवतेय आणि शीर्षकातच मी मुलाला मारून ठेवला होता. आपण ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे बघत हा अध्याय वाचतो, म्हणून शेवट आधीच आपल्या डोळ्यांसमोर असतो. मग सुरी थांबली हे आपल्याला दिसतच नाही.

काकांनी सांगितलं, हा अध्याय त्यांच्याकडे रोश हशानाच्या, यहुदी नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशी वाचतात. जुनी माणसं त्याला 'नव्याचा सण' म्हणायची. त्या दिवशी एडक्याचं शिंग, शोफार, फुंकतात आणि ते ऐकताना या एडक्याची आठवण असते. आदल्या दिवशी वाचतात तो अध्याय 21, हागार आणि इश्माएलचा. म्हणजे लागोपाठ दोन दिवस, दोन आया, दोन पोरं, दोघंही मरणाच्या दारात. आमच्या वाचनात इश्माएलला या गोष्टीशेजारी बसायला कधी जागा मिळाली नाही.

निघताना त्यांनी जुनी गोष्ट काढली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, ते बेने इस्राएल मुलांसाठी. शिकवणाऱ्याच्या मनात त्यांनी ख्रिस्ती व्हावं हे होतं. शिकणाऱ्यांनी व्याकरण घेतलं आणि ती बहुतेक आपल्या सिनगॉगमध्येच, यहुदी प्रार्थनास्थळातच, राहिली. "आणि आता तू माझ्याकडे शिकायला येतेस," काका म्हणाले आणि चहात साखर घालून दिली, मी घेत नाही हे माहीत असून.

20 मार्च
पहिला वर्ग. बावीस माणसं. 'घे ना' फळ्यावर लिहिलं. मावशी आल्या होत्या, बोलल्या नाहीत.

23 मार्च
वचन 6 ते 8. हा अध्यायाचा गाभा आहे असं माझं मत झालंय. वेदीपेक्षाही.

'आणि ते दोघे बरोबर चालले.' मग मुलगा विचारतो: बाबा. ओ, बाळा. हा विस्तव, ही लाकडं. होमार्पणासाठी कोकरू कुठाय? बाप उत्तर देतो. आणि पुन्हा तेच वाक्य: 'आणि ते दोघे बरोबर चालले.' शब्द 'यहदाव', बरोबर, एकत्र. पहिल्या वेळी एकाला माहीत आहे आणि एकाला नाही. राशी म्हणतो, दुसऱ्या वेळी इसहाकाला कळलेलं होतं, तरी ते बरोबरच चालले. वाक्य एकच, पण मधे एक प्रश्न येऊन गेलाय.

बापाचं उत्तर: 'एलोहीम यिर-ए लो हस्से'. शब्दशः 'देव बघेल' कोकराचं. आपल्या तर्जुम्यांत 'पुरवील' वगैरे येतं आणि अर्थ तोच आहे. पण मूळ क्रियापद बघण्याचं आहे, आणि मराठीत आपण नेमकं हेच म्हणतो. रेशन संपलं, फी भरायचीय, डॉक्टरांनी हात टेकले: देव बघेल. हे म्हणताना आपल्याला उत्तर ठाऊक असतं म्हणून आपण म्हणत नाही. ठाऊक नसतं म्हणूनच म्हणतो. मी तर्जुमा केला: "देव बघेल बाळा, कोकराचं." अब्राहाम इथे खोटं बोलतोय का, धीर देतोय का, की विश्वासाने बोलतोय, हे या वाक्यावरून ठरवता येत नाही, आणि 'देव बघेल' म्हणणाऱ्या कुठल्याच आईबापाबद्दल ते ठरवता येत नाही.

पुढे वचन 14 मध्ये डोंगराचं नावही याच क्रियापदावरून: परमेश्वर बघेल. आणि आणखी एक धागा, जो रात्री अकराला सापडला आणि मग झोप गेली. उत्पत्ती 16 मध्ये घरातून पळालेली हागार रानातल्या झऱ्यापाशी देवाला नाव देते: मला बघणारा देव. त्या विहिरीचं नाव बैर-लहाय-रोई. अध्याय 22 नंतर अब्राहाम चाकरांकडे परत येतो असं लिहिलंय, इसहाकाचं नाव त्या वाक्यात नाही. पुढे अध्याय 24 मध्ये तो दिसतो, तेव्हा कुठून येत असतो? बैर-लहाय-रोईकडून. ज्याच्या आईने हागारला घालवून दिलं, तो सुरीखालून उठलेला मुलगा हागारच्या विहिरीपाशी. ग्रंथ कारण सांगत नाही. मीही टिपणात कारण घालणार नाही, फक्त दोन्ही वचनं शेजारी छापणार.

27 मार्च
दुसरा वर्ग, एडक्यापर्यंत आलो.

वचन 13 मध्ये एक अडचण आहे ती फळ्यावर दाखवली. प्रचलित हिब्रू पाठात 'अयिल अहर', म्हणजे एडका, मागे. अनेक हस्तलिखितांत, शोमरोनी (समरितन) लोकांच्या पाठात आणि जुन्या ग्रीक तर्जुम्यात 'एहाद' धरलंय, म्हणजे एक एडका. फरक एकाच अक्षराचा, रेश आणि दालेथ, आणि दोन्ही अक्षरं इतकी सारखी की लेखनिकाचा डोळा चुकावा. वर्गात मी 'ख' आणि 'रव' लिहिलं. सगळ्यांना तत्काळ कळलं. पहिलीतल्या पोरांचं हेच होतं. मला स्वतःला 'मागे' आवडतो. एडका त्याच्या पाठीमागे होता, तोंड वेदीकडे असताना दिसणारच नव्हता.

मग दौंडकडचे एक भाऊ, ज्यांनी लहानपणी मेंढरं राखली, ते उठले. म्हणाले, एडका झाळीत अडकतो तो स्वतःमुळेच. शिंगं मागे वळलेली असतात. बोरीत किंवा बाभळीत घुसला आणि पुढे रेटला तर कदाचित सुटेल, पण तो मागं ओढतो, आणि जेवढं ओढतो तेवढं बसतं. "आणि बाई, तो गप्प नसतो. पाला हलतो, फांद्या मोडतात. अब्राहामाला आधी ऐकू कसं नाही आलं?" कोणाकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, बापाला त्या वेळी काहीच ऐकू येत नसणार, म्हणूनच दूताला 'अब्राहामा, अब्राहामा' अशी दोनदा हाक मारावी लागली.

30 मार्च
आता ख्रिस्त. इथे माझा विश्वास स्पष्ट लिहिते: येशू ख्रिस्त माझा प्रभू आहे आणि मी हा अध्याय त्याच्याशिवाय वाचू शकत नाही. प्रश्न एवढाच की काकांच्या घरात बसूनही मला जे म्हणता येईल असं मी काय म्हणते.

रोमकरांस पत्र 8:32. प्रेषित पौल लिहितो, देवाने आपल्या पुत्राला राखून ठेवलं नाही. ग्रीकमध्ये 'राखून न ठेवणं' हे क्रियापद उत्पत्ती 22:16 च्या जुन्या ग्रीक तर्जुम्यातलंच आहे: तू आपल्या मुलाला राखून ठेवलं नाहीस. पौलाने तो शब्द उचललाय. त्याच तर्जुम्यात 'यहीद' ऐवजी 'अगापेतोस', प्रिय, असं आलंय. आणि येशूच्या बाप्तिस्म्याला आकाशातून तोच शब्द ऐकू येतो. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हा अध्याय कानात ठेवूनच येशूबद्दल सांगितलं. इब्री लोकांस पत्राचा लेखकही 11:19 मध्ये म्हणतो की देव मेलेल्यातूनही उठवू शकतो असं अब्राहामाने मानलं.

पण बघा पौल ते क्रियापद कोणासाठी वापरतो. देवासाठी. 'अब्राहामाने दिला तसं तुम्हीही द्या' असं तो म्हणत नाही. अब्राहामाच्या मोरिया डोंगरावर हाक आली आणि सुरी थांबली. कालवरीवर, येशूच्या वधस्तंभापाशी, हाक आली नाही, आणि तिथे देव दूर बसून परीक्षा घेत नव्हता. यिर्मया 7:31 मध्ये परमेश्वर खोऱ्यात बळी म्हणून पोरं जाळणाऱ्यांना म्हणतो की मी हे सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. हे वचन मी टिपणात ठळक छापणार. ज्या उपदेशकाने मावशींना ते ऐकवलं त्याच्या हाती हेच बायबल होतं.

2 एप्रिल
अडकले. उद्या तिसरा वर्ग. सगळं नीट बसतंय आणि मावशींचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. 'देवाने स्वतःचा दिला' हे खरं आहे, मी त्यावर जगते. पण ते एडका कुठे होता याचं उत्तर नाही.

रात्री 'यहीद' शब्द बायबलमध्ये आणखी कुठे येतो ते शोधत बसले. फार ठिकाणी नाही. शास्ते 11:34 वर आले आणि हात थांबला. इस्राएलचा सेनानी इफ्ताह लढाईआधी नवस करतो: जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे कोणी मला सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन. मिस्पाला परततो, आणि खंजिऱ्या वाजवत, नाचत मुलगी सामोरी येते. 'ती त्याची एकुलती होती.' यहीदा. तोच शब्द, स्त्रीलिंगी. होमार्पणाचा शब्दही तोच, 'ओला'.

आणि दूत नाही. एडका नाही. देव त्या संपूर्ण प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. किम्ही या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराचं म्हणणं असं की तिला मारलं नाही, आयुष्यभर वेगळं ठेवलं; तसं असेल तर मला आनंदच होईल, पण ग्रंथ म्हणतो की त्याने नवस केला तसं तिचं केलं.

मी ही गोष्ट कधीच शिकवली नाही. कोणी शिकवताना ऐकलीही नाही. इतकी वर्षं ती पवित्र ग्रंथात आहे, आणि आम्ही एडक्याची तेवढी सांगत आलो.

5 एप्रिल
परवाच्या वर्गात इफ्ताहचं काढलं नाही. धीर झाला नाही. रोमकरांस पत्रावरच थांबले.

आज पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. 5 एप्रिल 1922. आजीच्या ट्रंकेत त्यांच्या तर्जुम्याचं बायबल आहे, ते काढलं. पानं पिवळी, कडेला कसरीची भोकं. आजी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती या आश्रमात वाढली. रमाबाई या तर्जुम्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या बायांना कळेल अशी मराठी हवी म्हणून वर्षानुवर्षं बसल्या, आणि ते छापलंही मुक्तीतल्या मुलीबायांनीच. पूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं, त्या गेल्यावर.

आणि त्यांची मुलगी मनोरमा. एकुलती. ती 1921 च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, पण शेवटपर्यंत तर्जुम्याचं काम करत राहिल्या. उत्पत्ती 22 आणि शास्ते 11 दोन्ही मराठीत लिहिलेला तो हात. मी ती दोन पानं काढून बराच वेळ बसले.

गुरुवारी वाचायचं ठरलं.

10 एप्रिल
शेवटचा वर्ग. उत्पत्ती 22 पूर्ण वाचला, आणि काही न बोलता शास्ते 11:34 ते 40. शेवटचं वचन असं आहे: इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस जाऊन त्या मुलीचं स्मरण करत. त्या क्रियापदाचा अर्थ कोणी शोक करणं घेतात, कोणी तिची गोष्ट सांगणं.

खोलीत पंख्याचा आवाज. मग दारापासून मावशी बोलल्या.

"चार दिवस? दरवर्षी?"

"हो."

"मला तर महिन्याभरात सांगितलं, आता रडू नका, तो प्रभूजवळ आहे." थोड्या वेळाने: "त्या पोरीचं नाव काय होतं?"

"लिहिलेलं नाही."

"माझ्या पोराचं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नाव सांगितलं. मग तो कसा होता ते सांगितलं. चप्पल काढून घरात येण्याची सवय त्याला शेवटपर्यंत लागली नाही. स्कूटरचं पेट्रोल नेहमी संपवून ठेवायचा. लहानपणी नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाला आणि स्टेजवरच झोपला. दौंडच्या भाऊंनी घड्याळ बघणाऱ्या एकाला खूण करून बसवलं. साडेआठला संपणारा वर्ग सव्वानऊला संपला. पाळकसाहेब मागे उभे होते. त्यांनी आशीर्वचन म्हटलं, उपदेश केला नाही, आणि मला त्यांचा फार आदर वाटला.

एडका कुठे होता, हे मी सांगितलं नाही. मला माहीत नाही.

13 एप्रिल
काल संध्याकाळी यहुद्यांचा वल्हांडण सण सुरू झाला. काकांना फोन केला. टिपणाचं शीर्षक विचारलं त्यांनी. 'बांधणं' असं सांगितलं. "बरं," म्हणाले.

अंतिम मजकूर सहा पानं. तर्जुमा, टिपा, उत्पत्ती 16 आणि 24 ची वचनं शेजारी, यिर्मया 7:31 ठळक, रोमकरांस पत्र 8:32. शेवटी शास्ते 11:34–40, त्याखाली टीप नाही, अर्धं पान कोरं सोडलंय, ज्याला नाव लिहायचं असेल त्याने लिहावं. गुड फ्रायडेला वाटायचंय. झेरॉक्सवाल्याकडे 60 प्रती टाकल्या, दोन मावशींसाठी वेगळ्या, जाड कागदावर.